करडं कार्ड

१२ जानेवारी

घुबडा,

तुझं पाकीट मिळालं. आत मेमरी कार्ड होतं, चिठ्ठी नव्हती. तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला पाकीट पाठवायचं आणि 'ताई, कशी आहेस' एवढंही लिहायचं नाही, हे तुलाच जमतं. संपादकबाईंचा फोन आधी आला म्हणून बरं, नाहीतर मी ते कुणा गिऱ्हाइकाचं समजून खणात टाकलं असतं. त्या म्हणाल्या, अंधारात वावरणाऱ्या प्राण्यांचं तुमच्या भावाचं पुस्तक काढतोय आणि त्यांची अट एकच आहे. फोटो कुठलेही निवडा, पण एडिट करेल ती ताईच. फार हट्टी आहेत हो, असंही म्हणाल्या. मला सांगताय, म्हटलं.

हे काम मी काम म्हणून घेतलंय, एवढं आधीच सांगते. लग्नाच्या हॉलमधलं प्रकरण मी विसरलेले नाही. सगळा हॉल नवरानवरीकडे बघतोय आणि आपल्या स्टुडिओचा फोटोग्राफर लेन्स छताकडे करून तुळईवरच्या घुबडाचे फोटो काढतोय! घुबड चाळीस फोटोंत, नवरी अकरा फोटोंत, आणि त्यातल्या निम्म्यांत तिचं नाक कापलेलं. तिच्या बापाला तोंड मी दिलं. त्या संतापात मी म्हणाले की पुन्हा स्टुडिओची पायरी चढू नकोस, आणि तू खरंच चढला नाहीस. माणसाने बहिणीचं इतकंही ऐकू नये.

आता कामाचं. फोटो पाहिले. म्हणजे जेवढे दिसले तेवढे पाहिले. नदीकाठची पाणमांजरं आहेत असं तू फाइलच्या नावात लिहिलंयस म्हणून मी विश्वास ठेवते. एवढा अंधार असतो तर आयएसओ वाढवून कॅमेऱ्याला जास्त उजेड पिऊ द्यायला काय होतं? फोटोत दाणे येतील, येऊ देत, दाणे मी बघून घेईन. पण काहीच नसलेल्या काळ्यातून मी प्राणी कुठून उभा करू? सावल्या उजळून उजळून माझ्या नाकी नऊ आले.

प्रत्येक संध्याकाळची पहिली फ्रेम करड्या कार्डाची काढतोस, ही बाबांची शिस्त पाळलीस ते मात्र चांगलं केलंस. ज्या उजेडात काम, त्या उजेडात आधी कार्ड. पण ते बाबांचंच जुनं कार्ड आहे ना, कोपरा कुरतडलेलं? ते पार पिवळं पडलंय. कॉम्प्युटरने त्यावरून रंग बसवला तरी सगळी नदी चहासारखी दिसते. मी हाताने निळा रंग घालून सारखं केलं. नवीन कार्ड सोबत पाठवते आहे. जोडीने मिळालं, दोन वेगळ्या बंद पाकिटांत; दुसरं इथे ठेवलंय.

तुझे भावोजी बरे आहेत. विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

ताई


६ फेब्रुवारी

घुबडा,

या वेळी चिठ्ठी आली. 'कार्ड मिळालं. आणखी पाठवतोय. फ्लॅश लावणार नाही.' एवढ्या तीन वाक्यांसाठी तू अख्खा कागद खर्च केलास, हेही नसे थोडके. फ्लॅशचं मी बोललेही नव्हते. बोलणार होते, हे तुला आधीच कळलं.

नव्या कार्डाचं काय केलंस? महिनाभरात फोटोत तेही पिवळं! खिशात कोंबून फिरतोस की त्यावर चहाचा कप ठेवतोस? वस्तू जपायची कशी हे तुला लहानपणापासून कळलं नाही. बाबांचा लाइट मीटर तू विहिरीत टाकलास तेव्हाही, पडला, असंच म्हणाला होतास.

फोटो पुन्हा काळे. एक रातवा पक्षी आहे म्हणे, वाटेवर बसलेला. मला वाटच दिसेना. मी म्हटलं आपलाच मॉनिटर गेला असेल, म्हणून भावोजींकडून नवीन आणवला. तो तर जुन्यापेक्षा मंद निघाला. दुकानदार शपथेवर सांगतो की हा जास्त प्रखर आहे. आजकाल कुणीही काहीही तोंडावर ठोकून देतं. भावोजींनी खोलीतला बल्बही न सांगता बदलला, मोठा लावला. मी विचारलं तर म्हणाले, जुना गेला होता. गेला नव्हता, सकाळी मीच बंद केला होता.

आमच्या रस्त्यावर नवीन दिवे लावलेत, त्याचाही ताप आहे. प्रत्येक दिव्याभोवती ही एवढी उजेडाची दाढी. समोरून येणाऱ्या गाड्यांचंही तेच. संध्याकाळी स्कूटर काढणं मी सोडलंय. चालतच जाते, तब्येतीला बरं.

तर, फोटो उजळ करून, निळा घालून, दाणे पुसून तयार केले आहेत. रातवा आता दिसतोय. पिसांवर जरा मेण चढवल्यासारखं वाटतं, पण काय करणार, दाणे काढले की थोडं तसं होतंच. आधीच नीट काढले असतेस तर ही पाळी आली नसती.

ताई


१ मार्च

घुबडा,

माझं डोकं फिरलंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

नमुन्याची पानं छापायला दिली होती. छापखान्यातला माणूस फोन करून विचारतो, "बाई, पाणमांजर निळंच छापायचंय का?" मी म्हटलं, तुमच्या यंत्राची शाई तपासा, माझ्या रंगांना शिकवू नका. इतकी वर्षं त्याच्याकडे काम देतेय, कधी वर तोंड करून बोलला नाही, आणि आता शहाणपण सुचलंय. दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन. त्या चांगल्या घरच्या आहेत, त्यामुळे म्हणाल्या की फोटो 'वेगळे वाटतात'. वेगळे म्हणजे काय, तर रात्र आहे असं वाटत नाही. मी म्हटलं, अहो, काळंच छापायचं असेल तर फोटोग्राफर कशाला हवा, नुसती शाई ओता.

भावोजींना ती पानं दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "छान आहे, निळसर." आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. हल्ली ते मला बातम्या वाचून दाखवतात. मी म्हटलेलं नाही, आपणहून. त्या वर्तमानपत्राची छपाईही इतकी फिकट झालीय की डोळे ताणून वाचावं लागतं.

पानं तुला पाठवतेय. बघ आणि तुझं मत कळव. तुला मत असतं असं मी अजून धरून चालले आहे.

ताई


१९ मार्च

घुबडा,

तुझं मत मिळालं. 'तुला योग्य वाटतं तसं कर.' याला मत म्हणत नाहीत.

आणि त्यासोबतचे फोटो! पाणमांजर पिल्लाला तोंडात धरून ओढ्याची धार ओलांडतंय, असा क्षण माणसाला जन्मात एकदा मिळतो, तो तुला मिळाला आणि तू त्याचं कोळशाचं पोतं केलंस. मी दोन दिवस त्या एका फ्रेमपुढे बसले. पिल्लू दिसतच नाही. तू लिहिलंयस पिल्लू आहे. कुठे आहे? मी उजेड वाढवला, तर दगड वर आले, पाणी दुधासारखं झालं, आणि पिल्लाच्या जागी नुसते दाणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तुला वाईट वाटेल, पण मीच नाही सांगणार तर कोण सांगेल? तुला दिवसाचे फोटो येतात. लग्नाचेही आले असते, मन लावलं असतंस तर. पण हे अंधारातलं काम तुझं नव्हे. बाबांकडे तो हात होता, तुझ्याकडे नाही. तीन वर्षं घर सोडून तिकडे राहून हे एवढंच जमत असेल तर विचार कर. मी कितीही डोळ्यात तेल घालून बसले तरी जे कॅमेऱ्यात नाहीच ते मला काढता येत नाही.

पुस्तकाचं काय ते बाईंना तूच सांग. मी हात टेकले.

जाता जाता, भावोजींनी गडद रंगाचे कप आणलेत, त्यात चहा ओतताना अंदाज येत नाही. काल अर्धा कपात आणि अर्धा टेबलावर. सगळ्यांनी मिळून मला छळायचं ठरवलंय.

ताई


८ एप्रिल

अरे मूर्खा,

तुझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. भावोजींनी वाचून दाखवली.

'ताई, तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल. आधी वाटलं माझे डोळे गेले, म्हणून तपासून आलो. डोळे चांगले आहेत. म्हणजे हातच नाही. कॅमेरा दुकानात विकायला ठेवलाय. धरणावर पाण्याची पातळी लिहून ठेवायचं काम मिळतंय, एक तारखेपासून. कार्ड परत पाठवतोय, आता लागणार नाही.'

इतकी मोठी चिठ्ठी तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलीस, आणि ती ही.

पुढे ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. चिठ्ठीबरोबर मार्चअखेरचे शेवटचे फोटो आणि ते करडं कार्ड हातात आलं. भर दुपार होती, मी खिडकीशी उभी होते. पिवळं ते पिवळंच. तुझी लाज काढायची म्हणून मी इथलं दुसरं कार्ड काढलं, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. भावोजींसमोर दोन्ही धरली आणि म्हटलं, बघा, याने काय करून ठेवलंय ते. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे आत्ता पाकिटातून काढलेलं कार्डही पिवळंच आहे.

भावोजी म्हणाले, "अगं, दोन्ही सारखीच आहेत. करडी."

मी कॉम्प्युटरकडे गेले. नव्या कार्डाची तुझी एक फ्रेम उघडली. तुला माहीत आहे, कार्डावर टिचकी मारली की कॉम्प्युटर रंग बसवतो, आणि तिथे बाण नेला की लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे दिसतात. तिन्ही सारखे असले की करडा. मी ते आकडे कित्येक वर्षांत बघितले नव्हते. यंत्राचं ऐकावं, पण शेवटचा शब्द डोळ्याचा, असं बाबांनी शिकवलेलं. मी आकडे मोठे करून बघितले. तिन्ही सारखे होते. जानेवारीतल्या फ्रेमचेही सारखे होते. सगळ्या फ्रेमचे सारखे होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगला पिकलाय, इतके दिवस काय करत होतात? मोतीबिंदूने सगळं पिवळं आणि मळकट दिसतं, अंधारात तर काहीच उमगत नाही, दिव्यांना वर्तुळं दिसतात. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, शिवणकाम. भावोजी माझ्याकडे बघतच राहिले. फोटोंचे रंग ठरवते हे कुठल्या तोंडाने सांगू?

घरी आल्यावर भावोजींना धारेवर धरलं. त्यांना कळलं होतं. बल्ब, वर्तमानपत्र, सगळं कळून केलं होतं. म्हणे, तू चिडली असतीस. चिडलेच असते! म्हणून काय गप्प बसायचं? आणि तू? निळं पाणमांजर समोर आल्यावर तुझ्या तोंडून शब्द फुटू नये? छापखान्यातल्या परक्या माणसाला धीर झाला आणि माझ्या घरातले दोन्ही पुरुष मूग गिळून बसले.

तुझे फोटो काळे नव्हते. मला दिसत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला दुपार लागली.

कॅमेरा विकू नकोस. धरणावर जाऊ नकोस. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चौदा तारखेला आहे. त्या दुकानाचा फोन नंबर पाठव.

ताई


२० एप्रिल

घुबडा,

हे भावोजींच्या हातचं अक्षर आहे. मी सांगतेय, ते लिहितायत, आणि मध्ये मध्ये सभ्य शब्द घालतायत, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा निरोप मिळाला. नंबर दिलास, पण कॅमेऱ्याचं पुढे काही नाही. वर लिहितोस, 'तुझा डोळा चुकेल असं मनातच आलं नाही. माझाच चुकतोय वाटलं.' अरे, म्हणून स्वतःचे डोळे तपासायला गेलास! चांगल्या डोळ्यांचा माणूस दवाखान्यात आणि मोतीबिंदूवाली कॉम्प्युटरपुढे. याला विश्वास म्हणायचं की बावळटपणा, मला ठरवता येत नाही. मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी आहे, तुला बोट धरून डार्करूममध्ये नेलं, ते सगळं खरं. पण मी काही देव नाही. मी चुकतेय असं दिसलं तर तोंडावर सांगायचं. मी आरडाओरडा करेन, तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा सांगायचं.

दुकानात मी स्वतः फोन केला. तुझ्या अपरोक्ष केला, काय करायचं ते कर. दुकानदार कंटाळलेला होता. म्हणाला, दोन गिऱ्हाइकं आली आणि कॅमेरा बिघडलाय म्हणून परत गेली, सगळे फोटो पांढरेफटक येतात. त्याला सेटिंग तुझ्या अंधाराचं राहिलंय हे कळलंच नाही. मी म्हटलं, हो हो, फार जुना बिघाड आहे, आमच्या घराण्यातच आहे. कुणाला देऊ नका, त्याचा मालक येतोय.

एक डोळा उघडलाय. कॉम्प्युटरला आठ दिवस हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. भावोजींनी त्याची वायरच लपवून ठेवलीय.

ताई (आणि भावोजी)


१६ मे

घुबडा,

आज पुन्हा माझ्या हाताने लिहितेय. धरणावरचं काम नाकारलंस, हे संपादकबाईंकडून कळलं. मला सांगायला काय झालं होतं? कॅमेरा आणलास का, हे तर त्यांनाही माहीत नाही.

उजव्या डोळ्याने भिंत पांढरी दिसते आणि डाव्याने चहात बुडवल्यासारखी. मी दिवसभर एक डोळा झाकून घरातल्या वस्तू बघत हिंडते. भावोजींचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीतच नव्हतं. त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, तुझा चेहरा मी गेली कित्येक वर्षं नीट बघतोय, पण बोललो का काही?

मग मी माझी ती एडिट केलेली पानं बघितली. देवा रे! निळी पाणमांजरं, दुधाची नदी, मेणाचा रातवा. छापखान्यातल्या माणसाला फोन करून माफी मागितली. तो इतका घाबरला की त्यानेच माझी मागितली.

पाणमांजराची ती फ्रेम शेवटी उघडली. मी केलेलं सगळं काढून टाकलं आणि तू पाठवलीस तशी बघितली. आधी काळीच वाटली. डार्करूममध्ये गेल्यावर आपण थांबायचो, तशी मी थांबले. मग दिसायला लागलं. पाण्याचं काळं वेगळं आहे, दगडाचं वेगळं आहे, ओल्या पाठीचं वेगळं. आईच्या पाठीवर उजेडाची एक रेघ आहे, आणि जबड्याखाली पिल्लाचा पाय लोंबतोय, सैल, काही काळजी नसलेला. सगळं तिथेच होतं. उजेडाचं एक बोटभर माप इकडेतिकडे झालं असतं तर फोटो गेला असता. बाबांनाही हे जमलं नसतं. एकोणीस मार्चच्या पत्रात मी उलट लिहिलं होतं, ते पत्र फाडून टाक. मला फार रडू आलं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून रडायचं नाही, म्हणून अर्धंच रडले.

सगळे फोटो मी पुन्हा केलेत. केलेत म्हणजे काय, बहुतेकांना हातच लावला नाही. कोल्ह्याच्या फोटोत थोडे दाणे पुसले, तेही कानांच्या मागचे. बाईंना पाठवले. त्यांचा फोन आला, यातला एकही बदलायचा नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, मागच्या पानावर लेखकाचा फोटो हवा. तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही. सगळ्यांचे काढतोस, तुझा कोण काढणार?

पण मग आठवलं. प्रत्येक संध्याकाळची पहिली फ्रेम. कार्ड धरलेला तुझा हात. तू दर वेळी मला तो पाठवत होतास आणि मी फक्त कार्ड बघत होते, तेही चुकीचं. आता सगळे हात एकापुढे एक लावून बघितले. अंगठ्यावर दारात सापडल्याचा तो जुना व्रण आहे. नखांत चिखल आहे. मनगट किती वाळलंय, घड्याळ पार कोपराकडे घसरलंय. जानेवारीत हात सरळ होता. मार्चमधल्या फ्रेममध्ये, माझ्या त्या पत्रानंतरच्या, कार्ड थोडं हललेलं आहे. फ्रेम पूर्ण धूसर आलीय. इतक्या वर्षांत तुझा हात कधी हललेला मी बघितला नव्हता.

बाईंना जानेवारीतला हात पाठवलाय. हललेला मी माझ्याकडे ठेवलाय.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे. भावोजी दवाखान्याच्या वासानेच खाली बसतात, मागच्या वेळी माझ्याऐवजी त्यांनाच पाणी पाजावं लागलं. कुणीतरी सोबत हवं. कॅमेरा दुकानातून उचल आणि तसाच इकडे ये. तुझ्यासाठी नवं कार्ड काढून ठेवलंय. पिवळं नाही, मी स्वतः बघितलंय.

आणि तू माझं शब्दाला शब्द धरून ऐकतोस हे आता मला कळलंय, म्हणून नीट, स्पष्ट लिहिते. तीन वर्षांपूर्वी जे म्हणाले ते रद्द. स्टुडिओची पायरी चढ.

ताई